यशवंतराव, भांदकची फॅक्टरी आणि एक मोठं रिस्ट्रक्चरिंग

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी "माजरी" म्हटलं, की समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा, मांजरी! हडपसरच्या पुढची ना?" नाही हो. मांजरी नाही, माजरी. चंद्रपूर जिल्हा, भद्रावती तालुका. दिल्ली-चेन्नई लाईनवर वरोरा आणि भांदकच्या मधे येतं, तिथून वणीकडे फाटा फुटतो. गावाची ओळख दोनच गोष्टींची, रेल्वेचं जंक्शन आणि कोळशाची खदान. तुमच्यापैकी जे कुणी कधी रेल्वेने हैदराबाद किंवा चेन्नईकडे गेले असतील ते माझ्या गावावरून गेलेले असण्याची शक्यता आहे, फक्त त्यावेळी ते झोपले असतील. :)

लहानपणी दुपारी मोठा धमाका व्हायचा आणि खिडकीची तावदानं थरथरायची. मी आईला विचारायचो, "फॅक्टरीत फुटलं का?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नाई रे, खदानीतलं ब्लास्टिंग होय ते." फॅक्टरी म्हणजे भांदकची, अर्थात भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी. कागदोपत्री नाव 'आयुध निर्माणी चांदा'. तिथे तोफगोळ्यात आणि रॉकेटमध्ये दारू भरतात एवढं आम्हा पोरांना माहीत होतं. त्यामुळे प्रत्येक धमाक्याचं श्रेय मी मनातल्या मनात फॅक्टरीलाच देऊन टाकायचो. खदान काय, रोजचीच!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. शेजारचे काका फॅक्टरीतून 2022 साली रिटायर झाले. त्यांचे वडील फॅक्टरीचं बांधकाम चालू असताना मजुरीला गेले आणि पुढे तिथेच लागले. म्हणजे दोन पिढ्या त्याच गेटातून आत गेल्या. मी फराळाची ताटली घेऊन गेलो, तर काकांनी विचारलं, "काऊन बाबू, तुमच्या कंपनीत काय चालू आहे?" मी वैतागून सांगितलं की पुन्हा रिस्ट्रक्चरिंग चालू आहे, दोन वर्षात माझा तिसरा मॅनेजर. काका हसले. "आमचंबी झालं ना. एकवीसमंदी. सकाळी त्याच गेटातून गेलो, तेच मशीन, तोच फोरमन. फकत पाटी बदलली. मी साहेबाले विचारलं, साहेब, आता आमी कोनाचे? सरकारचे का कंपनीचे? साहेब म्हने, मलेबी कागद वाचाचा आहे अजून."

आम्ही दोघं हसलो खरे, पण प्रश्न डोक्यातून जाईना. ही फॅक्टरी इथे आमच्या झाडीत आलीच कशी? आणि सैन्याचं 'रिस्ट्रक्चरिंग' म्हणतात ते नेमकं काय असतं? परतीच्या गाडीत, आणि मग पुढचे तीन-चार वीकेंड, मी यावर वाचत बसलो. आणि धागा जाऊन पोचला तो थेट 1962 च्या नोव्हेंबर महिन्यात.

20 ऑक्टोबर 1962. चीनने लडाख आणि नेफा (म्हणजे आजचं अरुणाचल) अशा दोन्हीकडे एकाच वेळी हल्ला केला. महिनाभरात काय झालं ते आपल्याला शाळेत दोन ओळीत शिकवलं, कारण जास्त सांगण्यासारखं काही नव्हतंच. आपल्या जवानांच्या हातात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावी लागणारी .303 रायफल होती, समोरच्यांकडे ऑटोमॅटिक. कित्येक तुकड्या सुती कपड्यांवर आणि कॅनव्हासच्या बुटांवर हिमालयात चढवल्या गेल्या. नेफातली चौथी डिव्हिजन, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत आणि इटलीत नाव कमावलेली 'रेड ईगल' डिव्हिजन, सेला आणि बोमदिलाला अक्षरशः विस्कटून गेली. (हिचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.)

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. आणि नेहरूंनी बोलावलं ते महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, यशवंतराव चव्हाणांना. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं सुभाषित होऊन गेलंय. पण जरा त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. देवराष्ट्रेसारख्या खेड्यात जन्मलेला, बेचाळीसच्या चळवळीतून वर आलेला, राज्याचा कारभार उत्तम चालवणारा नेता. सैन्याशी थेट संबंध शून्य. 21 नोव्हेंबर 1962 ला शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. म्हणजे लढाई संपलेली, हरलेली, आणि आता पसारा आवरायला हा नवा माणूस!

इथे आमच्या चंद्रपूरकरांसाठी एक बारीकशी गोष्ट. यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा मुंबईत त्यांच्या खुर्चीवर बसले मारोतराव कन्नमवार, आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचे. एरवी आमचा जिल्हा इतिहासाच्या पुस्तकात फारसा सापडत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

असो. तर आयटीवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर परिस्थिती अशी होती. प्रॉडक्शनमध्ये सिस्टिम पूर्ण झोपलेली. आधीचा हेड गेलेला. लष्करप्रमुख थापर यांनीही राजीनामा दिलेला, त्यांच्या जागी जनरल जयंतोनाथ चौधरी आलेले. क्लायंट, म्हणजे अख्खा देश, संतापलेला. अशा वेळी नवा मॅनेजर सहसा काय करतो? दोनच गोष्टी. एक, कुणाला तरी बळीचा बकरा करतो. दोन, भराभर नवीन टूल्स विकत घेतो. यशवंतरावांनी पहिली गोष्ट टाळली, आणि दुसरी केली पण त्याआधी बरंच काही केलं. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे.

मेनन यांच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांचे संबंध पार बिघडले होते. बढत्यांमध्ये मर्जी चालते अशी कुजबुज होती. 1959 मध्ये जनरल थिमय्यांसारख्या माणसाने राजीनामा देऊन नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला होता. जनरल कौल यांना लढाईतल्या नेतृत्वाचा अनुभव नसताना नेफातली कोअर सोपवली गेली. यशवंतरावांनी सुरुवात केली ती अगदी साध्या गोष्टीने. तिन्ही सेनाप्रमुख आणि संरक्षण सचिव यांची सकाळची नियमित बैठक. आपल्याकडे याला स्टँड-अप म्हणतात आणि त्यावर जोक करतात. पण विचार करा, त्याआधी भूदल, नौदल, हवाईदल आणि मंत्रालय हे सगळे एकमेकांच्या समोर बसून रोजचं बोलतच नसतील, तर 1962 मध्ये हवाईदलाची लढाऊ विमानं जमिनीवरच का राहिली याचं थोडं तरी उत्तर मिळतं. लढाई कशी करायची ते सेनापतीने ठरवायचं, करायची की नाही ते सरकारने, आणि लागेल ते सामान पुरवायची जबाबदारी मंत्र्याची, अशी वाटणी त्यांनी पाळली.

मग आला पोस्ट-मॉर्टेम रिपोर्ट. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंदरसिंग भगत या दोघांनी चौकशी केली. 2 सप्टेंबर 1963 रोजी यशवंतरावांनी संसदेत निवेदन केलं. तपासाचे मुद्दे पाच होते: प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची व्यवस्था, जवानांची शारीरिक तयारी आणि प्रत्येक पातळीवरच्या कमांडरांची कुवत. उद्देश कुणाला फासावर द्यायचा नसून धडे घेण्याचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. तब्येत सुधारायची असेल तर डॉक्टरला शिव्या देऊन उपयोग नसतो, तसंच हे. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. या चौकशीच्या चौकटीत दिल्लीतलं राजकीय नेतृत्व नव्हतंच. आणि मूळ अहवाल सरकारने कधी खुला केला नाही. 2014 साली ब्रिटिश पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच लोकांनी वाचला. म्हणजे एक मॉड्यूल सोडून बाकी सगळ्याचा रूट कॉज काढला, असं झालं. यशवंतरावांचं मला कौतुक आहे, पण ही गोष्ट खटकते ती खटकतेच.

आता आकडे. 1963-64 च्या बजेटमध्ये संरक्षणासाठी सुमारे 867 कोटींची तरतूद झाली, जी त्या काळात डोळे पांढरे करणारी होती. 1964 मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना आली, साधारण 5,000 कोटींची. सैन्य वाढवून सव्वाआठ लाखांचं करायचं, त्यात डोंगरात लढण्यासाठी 10 माउंटन डिव्हिजन उभ्या करायच्या, हवाईदल 45 स्क्वाड्रनचं करायचं, नौदलाची जुनी जहाजं बदलायची. .303 च्या जागी 7.62 ची सेल्फ लोडिंग रायफल, तीही इछापूरच्या आपल्या कारखान्यात बनलेली. अधिकारी कमी पडत होते म्हणून इमर्जन्सी कमिशन दिलं, 1963 मध्ये मद्रासला (आणि काही काळ पुण्यातही) अधिकारी प्रशिक्षण शाळा काढल्या. हे सगळं एका बाजूने अन्नधान्याची टंचाई असलेल्या देशात!

विमानांची गोष्ट तर मजेशीर आहे. यशवंतराव 1964 च्या मे महिन्यात अमेरिकेला गेले. आपल्याला एफ-104 स्टारफायटर हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळालेली. अमेरिकेने आपल्याला नाही म्हटलं. ते वॉशिंग्टनमध्ये असतानाच 27 मे ला नेहरू गेल्याची बातमी आली, आणि दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यानंतर त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. मिग-21 चा निर्णय खरं तर मेनन यांच्याच काळातला, ऑगस्ट 1962 चा, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण विमान नुसतं विकत न घेता ते इथे बनवायचं, हा धागा यशवंतरावांनी पक्का धरला. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. नाशिकच्या मित्रांनो, तुमच्या ओझरच्या फॅक्टरीची जन्मकथा ही अशी आहे.

आणि आता आमच्या भांदकची. नोव्हेंबर 1962 मध्येच संरक्षण उत्पादनासाठी वेगळा विभाग झाला होता. 1960 च्या दशकातल्या त्या विस्तारात महाराष्ट्रात ओळीने कारखाने उभे राहिले. वरणगाव, भंडारा, नागपूरचं अंबाझरी आणि आमचं चांदा. नकाशा काढून बघा, कारण लगेच कळतं. सीमेपासून लांब, देशाच्या पोटात. रेल्वेची मेन लाईन दाराशी. दारूगोळ्याच्या इमारतींमध्ये मोठमोठं अंतर ठेवावं लागतं, त्यासाठी मोकळी जमीन भरपूर. काकांचे वडील डोक्यावर घमेलं घेऊन ज्या भिंती बांधत होते, त्या भिंती म्हणजे हिमालयातल्या पराभवाचं उत्तर होतं हे त्यांना कुणी सांगितलं असेल का? मला नाही वाटत. त्यांना रोजी मिळत होती, बस्स.

या सगळ्याची परीक्षा तीन वर्षांच्या आत झाली. 1 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घुसवले. संध्याकाळी हवाईदलप्रमुख अर्जनसिंग परवानगी मागायला आले आणि यशवंतरावांनी तिथल्या तिथे दिली. फाईल नाही, कमिटी नाही. तासाभरात विमानं आकाशात होती. 1962 मध्ये जो प्रश्न महिनाभर लोंबकळला तो इथे काही मिनिटांत सुटला. त्या रोजच्या सकाळच्या बैठकांमधून तयार झालेला विश्वास बजेटच्या कुठल्याच ओळीत लिहिलेला नव्हता, पण कामाला तोच आला.

आणि ती चौथी डिव्हिजन आठवतेय? बोमदिलाला विस्कटलेली? ती आता चौथी माउंटन डिव्हिजन झाली होती. डोंगरासाठी घडवलेली, पण नशिबाने आली पंजाबच्या सपाट मैदानात, खेमकरणला, पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर. सुरुवातीला तिथेही ती मागे रेटली गेली. पण मेजर जनरल गुरबक्षसिंग यांनी असल उत्तरजवळ उसाच्या शेतांमध्ये घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली, शेतांत पाणी सोडून चिखल केला, आणि 10 सप्टेंबरपर्यंत पॅटनचं कब्रस्तान झालं. भारतीय आकड्यांप्रमाणे 97 रणगाडे. हवालदार अब्दुल हमीद तिथेच शहीद झाले, परमवीरचक्र मिळालं. तीच डिव्हिजन, तीन वर्षांनी! हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

पण थांबा, हॅपी एंडिंग एवढं सरळ नाहीये. युद्धबंदीचा निर्णय घेताना पंतप्रधान शास्त्रींनी जनरल चौधरींना विचारलं, अजून थोडं लढलो तर जिंकू का? चौधरी म्हणाले, दारूगोळा संपत आलाय. युद्धबंदी झाली. नंतर हिशेब केला तर कळलं की आघाडीच्या दारूगोळ्यातला जेमतेम 14 टक्के वापरला गेला होता. संरक्षण मंत्रालयानेच लिहून घेतलेल्या युद्धाच्या इतिहासात हे आलंय. चौदा टक्के! भांदकसारख्या ठिकाणी कुणीतरी हाताने भरलेले गोळे डेपोत पडून होते, आणि दिल्लीत सगळ्यात वरच्या माणसाला ते संपले असं वाटत होतं. कारखाने उभारले, रायफली बदलल्या, डिव्हिजन वाढवल्या, पण स्टॉकमध्ये नक्की किती माल आहे ते सांगणारा डॅशबोर्ड कुणी बांधला नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी असले प्रोजेक्ट पाहिलेत. हार्डवेअर नवं कोरं, आणि डेटा कुणाच्या तरी डोक्यात.

आपल्या इतिहासात ही गोष्ट आधी एकदा घडून गेली आहे, जरा वेगळ्या तऱ्हेने. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या सॅव्हॉयच्या माणसाला हाताशी धरून कवायती फौज बांधली, आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला. शिपायांना वेळेवर पगार मिळे, जखमींना भरपाई मिळे. त्या काळात हे नवलच. पण वरचे अधिकारी परदेशीच राहिले. 1803 मध्ये इंग्रजांनी जाहीर केलं की शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमच्या पोटापाण्याचं आम्ही बघू. बरेच अधिकारी निघून गेले. असई आणि लासवारीला शिपाई आणि गोलंदाज इतके चिवट लढले की इंग्रज सेनापतींनीच नंतर त्यांची तारीफ केली. तरी हरले. त्याच युद्धात नागपूरकर भोसल्यांनाही देवगावचा तह करावा लागला आणि वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. माजरीहून वणीला जाताना जी वर्धा ओलांडावी लागते ती तेव्हापासून सरहद्द झाली. एका फसलेल्या आधुनिकीकरणाची रेघ माझ्या गावाशेजारून वाहते, आणि मी लहानपणी तिच्यात पोहायला जायचो!

म्हणजे महादजींनी कारखाना काढला पण माणसं आपली घडवली नाहीत. यशवंतरावांनी माणसांशी संबंध जोडला, कारखाने काढले, पण हिशेबाची व्यवस्था कच्ची राहिली. प्रत्येक पिढीचं रिस्ट्रक्चरिंग अर्धवट सुटतं आणि पुढच्या पिढीच्या बॅकलॉगमध्ये जाऊन पडतं. कारगिलच्या युद्धानंतर 1999 मध्ये के. सुब्रह्मण्यम समिती नेमली, तेव्हा तिन्ही दलांत समन्वय हवा हा मुद्दा पुन्हा वर आला. तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा ही शिफारस प्रत्यक्षात यायला 1 जानेवारी 2020 उजाडलं, तेव्हा जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. वीस वर्षं!

आणि 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन 41 कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्याच महिन्यात दसऱ्याला दिल्लीतून त्या देशाला अर्पण झाल्या. आमचं चांदा गेलं म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, जिचं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे काका मला पुण्याचा साहेब म्हणून चिडवत, आणि शेवटच्या वर्षी त्यांचाच साहेब पुण्यात! सुमारे 70 हजार कामगारांना सुरुवातीला दोन वर्षांसाठी 'मानीव प्रतिनियुक्ती'वर कंपन्यांकडे दिलं. युनियनने संपाची हाक दिली होती, त्यावर संपबंदीचा कायदा आला. सरकारचं म्हणणं होतं की किंमत, दर्जा आणि वेळ यात सुधारणा हवी, कारखान्यांना स्वतः निर्णय घेता यायला हवेत. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, सैन्याच्याही दारूगोळ्याबद्दल जुन्या तक्रारी होत्या. पण काकांचा प्रश्नही मला तितकाच खरा वाटतो. "आता आमी कोनाचे?"

कारण यशवंतरावांच्या गोष्टीतून मला जर काही कळलं असेल तर ते हे, की पाटी बदलायला एक दिवस लागतो आणि विश्वास बसायला तीन वर्षं. त्या तीन वर्षांत रोज सकाळी कुणीतरी बैठकीला येऊन बसावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, आणि "तुम्ही कोणाचे" याचं उत्तर स्पष्ट द्यावं लागतं. काकांच्या साहेबाने अजून कागद वाचला नव्हता.

निघायच्या दिवशी काकांना हे सगळं सांगितलं. चव्हाण, मिग, असल उत्तर, चौदा टक्के. काका शांतपणे ऐकत होते. चौदा टक्क्यांवर मात्र थांबले. म्हणाले, "बाबू, एक गोया भराचा म्हनजे हात थरथरला नाई पायजे. माह्या बापानं आयुष्य काढलं त्यात. अन् त्यायनं भरला तो तसाच पडून होता?" मग थोड्या वेळाने स्वतःशीच, "पडून होता तं बरंच झालं म्हना. फुटला असता तं कोनाच्या तरी पोराच्या अंगावरच फुटला असता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्यात खदानीत धमाका झाला आणि तावदानं थरथरली. काकांनी हात वर करून सांगितलं, "आमचं नाई ते. खदान होय."